दोन बोटांचा मुटका

दहिवली,
३ ऑक्टोबर

ताई,

पत्राच्या सुरुवातीला शिरसाष्टांग वगैरे घालायचं असतं म्हणे. पण जिनं सख्ख्या चुलतभावाला फोनवर ब्लॉक केलंय तिच्यापुढे मी आडवा पडणार नाही. माझा एक व्हॉइस मेसेज तुझ्या वर्गात स्पीकरवर वाजला, त्यात एवढं काय झालं? ‘ताई, कोंबडीच्या पायाचं स्कॅन झकास आलंय’, एवढंच तर बोललो होतो. मुलं हसली. हसू दे की. डिझाइनची मुलं आहेत, हसतील नाही तर काय करतील.

असो. स्कॅन भरलेलं मेमरी कार्ड किशोरच्या दुधाच्या टेंपोतून पाठवतोय. तुमच्या कँटीनचं दूध उतरवताना तो तुझ्या हातात देईल. नेटवरून पाठवायला बसलो होतो, पण फाईली एवढ्या जड की मोबाईलवर भाकरी भाजून निघाली असती.

तू म्हणालीस, आळीतल्या भात कापणाऱ्या बायांचे हात स्कॅन कर, मुलांना विळ्याच्या मुठी बनवायच्यात. केले. मला वाटलं होतं एकेकीच्या मागे फिरावं लागेल. कसलं काय! अंगणात लॅपटॉप मांडला, तो तुझा इस्त्रीसारखा स्कॅनर हातात धरला, आणि बाया रांग लावून उभ्या. गोमाआजासुद्धा आला. तो बाई नाही, पण नको कसं म्हणणार? सगळ्यांनी हात घासूनपुसून वर खोबरेल लावून आणलेले. तुझ्या विषयाला आळीत एवढा मान आहे, मला माहीत नव्हतं.

मध्ये दोनेक दिवस काम झालं नाही कारण चौक गावात एका गॅरेजात जुनी मोटरसायकल दिसली. मालक म्हणतो, चालू होते. चालू झालेली मी पाहिली नाही, पण आवाज कसा येतो ते त्यानं तोंडानं काढून दाखवलं. कापणी झाली की तिच्यावरून गोकर्णला जाईन म्हणतो. एका जागी बसून माझ्या पायाला मुंग्या येतात.

काकू, म्हणजे तुझ्या मातोश्री, मजेत. हल्ली जरा धांदरट झालीय. कपावर कप फोडतेय आणि दर खेपेला मलाच म्हणते, “तूच मधी आलास रं!” मी ओट्यापासून चार हात लांब असतो. आणि आता मला काही फेकून मारायचं तर डाव्या हातानं मारते. नेम चुकतो. माझी चंगळ.

तुझा ब्लॉक्ड भाऊ,
साईराज


खालापूर,
६ ऑक्टोबर

साई,

कार्ड मिळालं. उघडलं. मग वर्गाबाहेर जाऊन पाणी प्यायले.

पहिली गोष्ट. शेळी, मारुतीच्या देवळातली घंटा, पपई आणि कोणाची तरी चप्पल मी मागितली नव्हती. दुसरी गोष्ट, ‘येसूबाई नवीन’, ‘येसूबाई खरी’, ‘येसूबाई शेवटची’ या फाईलींतली शेवटची कोणती?

तिसरी गोष्ट, आणि इथे मी डोकं धरून बसले. सगळे तळवे सपाट आहेत! बोटं पसरून, कडक. अरे, मला मुठी हव्या होत्या, तू आशीर्वाद पाठवलेस. विळा असा धरतात का? वस्तू माणसाच्या अंगाला बसली पाहिजे, माणसाला वस्तूत कोंबायचं नाही, एवढा साधा माझा विषय. त्यासाठी हात काम करताना कसा असतो ते हवं. आणि वर सगळे हात तेलानं चकचकीत. चकचकीत वस्तू स्कॅनरला दिसत नाही, हे मी तुला जाताना दोनदा सांगितलं होतं. तू तेव्हा खिडकीतून माकड बघत होतास. अर्ध्या हातांना भोकं पडलीत.

इथे वेगळाच ताप. मुलांना म्हटलं, मापं घ्या. रिया नावाची एक आहे, हुशार, पण मुंबईची घाई. तिनं स्वतःचाच हात स्कॅन करून मूठ प्रिंट केली. ती मूठ फक्त तिलाच बसते, तेही नखं वाढलेली असतील तरच.

तुला सांगते, पण आईला सांगायचं नाही. आमचे विभागप्रमुख मनोज सर म्हणतात, हाताची मापं तक्त्यात छापलेली मिळतात, ती संगणकात भरा, झालं. त्यासाठी वेगळा विषय आणि वेगळ्या मॅडम कशाला? बावीस नोव्हेंबरला मुलांचं प्रदर्शन आहे, बाहेरून परीक्षक येणार. माझ्या मुलांच्या मुठीत तक्त्यात नसलेलं काही दिसलं नाही, तर विषय बंद आणि माझं कंत्राटही. आई लगेच म्हणेल, सोड आणि घरी ये. मला सोडायचं नाहीये.

म्हणून नीट कर. आणि एक सांग, सगळ्यांनी तेल का लावलं होतं? तू त्यांना नक्की काय सांगितलंस?

सुप्रिया

ता.क. भाऊ म्हणून सही केलीस तरी अनब्लॉक करणार नाही. कागदावर माणूस जरा विचार करून लिहितो, असं मला वाटलं होतं.


दहिवली,
११ ऑक्टोबर

ताई,

तेलाचा शोध लागला. बस आधी खाली.

काल गोमाआजा मला पारावर धरून म्हणाला, “पोरा, तांदूळ कधी येतील रं?” मी म्हटलं, कसले तांदूळ? “आरं हात दिला ना मी! पुऱ्या पंजाचा दिला. मागच्या खेपेला मशीन आंगठा घेत नव्हतं.” आता कळलं? सगळ्या आळीला वाटलं, रेशनच्या अंगठ्याचं नवं मशीन आलंय आणि मी ते तुझ्या ओळखीनं दारात आणलंय. मशीनला खरखरीत अंगठा उमटत नाही म्हणून सगळे घासून, तेल लावून जातात, आणि काचेवर ठेवल्यासारखा पंजा पसरतात. मी ‘कॉलेजचं आहे’ म्हणालो होतो, आईशप्पथ. पण रांग एवढी छान लागली होती की जास्त बोललो नाही.

मग घरोघर फिरलो. ‘रेशन नाही, विळ्याची मूठ’ सांगत. येसूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “इळ्याला मूठ हायच की! तुजी ताई शिकून शिकून मुठीवर आली व्हय?” दोन घरांत चहासुद्धा मिळाला नाही.

तरी विळा हातात देऊन स्कॅन करून पाहिलं. काकूच्या डब्यातली पावडर हाताला फासली, बायका हसून लोळल्या. पण मूठ मिटली की आतलं काहीच दिसत नाही! वरून नुसती बोटांची पाठ. तुला हवं ते सगळं आत. आता आत स्कॅनर कसा घालू? या तुझ्या विषयानं माझं डोकं फिरलंय. मी सोडून चौकला निघालो होतो, खरं सांगतो.

जाता जाता घरात शिरलो तर मुटके चाललेले. काकूनं पीठ मळायला येसूबाईला बोलावलं होतं, स्वतः पाटावर बसून नुसते हुकूम सोडत होती. येसूबाई थोडी मेथी घातलेल्या तांदळाच्या पिठाचा गोळा मुठीत दाबते, सोडते, की मुटका तयार. त्यावर चारी बोटांची खूण, मागे अंगठ्याचा खळगा. ताई, मूठ आतून कशी असते ते अख्खं त्या मुटक्यावर! आणि पांढरं, कोरडं, जराही चकाकत नाही.

एक उचलला, भाजलो, स्कॅन केला. कार्डात आहे. मला शाबासकी फोनवर दिलीस तरी चालेल.

साईराज


खालापूर,
१५ ऑक्टोबर

साई,

तुझ्या मुटक्याबरहुकूम मूठ प्रिंट केली. प्लॅस्टिकची तार वितळवत थरावर थर चढवायला यंत्राला आख्खा दिवस लागला. निघाली दुधी भोपळ्यासारखी. मी मापं तपासते, स्कॅनर तपासते, मुलांना ओरडते. मग तुझं पत्र परत वाचलं. ‘उचलला, भाजलो.’

तू मुटका शिजवून स्कॅन केलास? वाफेनं पीठ फुगतं, एवढं तुला, खाणाऱ्याला, कळू नये?

सोबत पाठवलेला नमुना रियानं खाल्ला. म्हणाली, मॅडम, मेथी छान लागते.

पण कल्पना चांगली आहे. हे मी दात-ओठ खात लिहितेय. आता ऐक. पीठ कच्चं, घट्ट. प्रत्येकीनं भात कापताना विळा धरतात तस्सा गोळा दाबायचा. लगेच स्कॅन. खाणं नंतर. फाईलला माणसाचं नाव, एकदाच. शेळी नको.

भाऊबीजेला येतेय. दुसऱ्या दिवशी पहाटे निघेन, प्रिंटर एकटे सोडता येत नाहीत.

सुप्रिया


दहिवली,
२८ ऑक्टोबर

ताई,

भाऊबीजेला ओवाळलंस, तरी अनब्लॉक नाही. आणि जेवतानासुद्धा लॅपटॉप मांडीवर. काकू तू गेल्यावर म्हणाली, “आली कवा नि गेली कवा!” असो.

काम फत्ते. भारे वाहून झाले की संध्याकाळच्या उन्हात सगळ्या बाया आपल्या अंगणात. आधी ‘आमी काय लहान पोरी हाय का पीठ खेळायला’ म्हणणाऱ्या, नंतर ‘माझा मुटका बघ, तुझा बघ’. येसूबाईनं एवढा जोरात दाबला की पीठ बोटांतून बाहेर. एकीनं सासूच्या नावानं दाबला, तो सगळ्यात खोल आलाय. कावळे कुंपणावर बसून सगळं बघत होते, एक मुटका त्यांनी नेलाही. ती फाईल नाही.

सगळ्या फाईली नावानिशी आहेत, शेळी नाही. एकच खराब आलीय. त्यात अंगठा आणि दोनच बोटं उठलीत, बाकीची जागा कोरी. काकूचीच नेमकी. तिला परत दाबायला लावलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा म्हटलं तर खेकसली, “पीठ सैल झालंय, माझ्या हाताला काय धाड भरलीय?” तर ती टाकून दे.

मोटरसायकल चालू झाली. गॅरेजापासून चौकच्या नाक्यापर्यंत गेली. ढकलत परत आणली.

साईराज


खालापूर,
२९ ऑक्टोबर

साई,

किशोर दूध उतरवतोय, तो जायच्या आत हे लिहून देतेय. तुला अनब्लॉक केलंय, पण तुझा फोन बंद येतोय आणि आई उचलत नाही.

ती फाईल खराब नाही.

पीठ सैल असतं तर सगळीच बोटं खोल उठली असती. आईची करंगळी आणि शेजारचं बोट दाबतच नाहीयेत. आज चहाचा कप ती कुठल्या हातात धरते ते बघ. विळा घेऊन शेतात जाते का, की नुसती बांधावर बसते? येसूबाईला पीठ मळायला का बोलावलं होतं? ‘कप फोडते’, ‘डाव्या हातानं मारते’, हे तू लिहिलंस आणि मी वाचून हसले.

भाऊबीजेला तिनं मला डाव्या हातानं वाढलं. माझ्या आईनं! देवाच्या नैवेद्याला डावा हात लागला तर ताट बदलणारी बाई. आणि मी ताटाकडे न बघता मुलांच्या फाईली बघत होते. हात कसा बघावा हे मी पगार घेऊन शिकवते.

मी उद्या येतेय. तिला सांगू नकोस, नाहीतर माहेरी पळेल.

सुप्रिया


दहिवली,
६ नोव्हेंबर

ताई,

तू गेल्यापासून घरात कर्फ्यू आहे. कर्जतच्या डॉक्टरांनी कोपराला बांधायला दिलेला पट्टा काकूनं पहिल्या दिवशी भांड्यांच्या मांडणीवर ठेवला. मी आणून दिला, तर म्हणाली, “ह्ये बांधून फिरले तर लोकं बोलतील इंदूला झालं काय!” मी म्हटलं, नस दबलीय म्हणून सांग. “नस दबाया मी काय म्हातारी हाय?” मग मी डॉक्टरांचंच वाक्य ऐकवलं, की हाताची उशी करून झोपत राहिली आणि कोपर दुमडून राहिली तर ती बोटं कायमची जातील. तेव्हा बांधला. सध्या अंथरुणात हवालदारानं गाडी थांबवल्यासारखा हात करून पडते.

आता तिचं उत्तर, तिची मूठ प्रदर्शनात मांडू का, असं तू विचारून गेलीस त्याचं. ती सांगतेय, मी लिहितोय, एक शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे.

“सुप्रियास. हात माझा हाय. तू त्यो कालेजात मांडलास तर मी तुझ्याशी बोलनार नाय. दुसऱ्या बायांचे चांगले हात हायत ते मांड. मोडका हात मांडून काय मिळनार हाय तुला? जेवत जा. बारीक झालीस. साईराज दिसभर त्या फटफटीपाशी असतो, त्याला दोन शब्द सुनव.”

शेवटचं वाक्य मी गाळणार होतो, पण ती कागदावर बोट ठेवून बसलीय.

साईराज


खालापूर,
९ नोव्हेंबर

साई,

बाकीच्यांच्या मुठी छापून झाल्या. सुंदर झाल्यात. आणि काल मनोज सरांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या, तक्ता शेजारी ठेवला, मापं जुळवली. सगळी जुळली. केसाइतका फरक. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे तक्ताच बरोबर होता ना, मॅडम? मग एवढं गावभर पीठ कशाला मळलंत?”

मला उत्तर माहीत होतं. उत्तर आईच्या मुठीत होतं आणि ती मूठ माझ्या पिशवीत होती. काढली नाही. ती नको म्हणालीय ना, मग नको. माणसाच्या अंगाची मापं त्याला विचारल्याशिवाय मांडायची नाहीत, हे मी पहिल्या तासाला शिकवते. तेल लावून आलेल्या लोकांचे हात तू रेशनच्या नावानं घेतलेस, त्यावरून भाऊबीजेला तुला किती बोलले होते मी. ते सगळे हात मी पुसून टाकलेत.

पण मूठ बनवली आहे, फक्त तिच्यासाठी. दोन बोटांनी धरायची, आणि पंजाच्या मागून एक कमान येते, तिनं विळा हातातून फिरत नाही. मुलं येत्या रविवारी बसवायला येतील. मला त्या दिवशी इथून हलता येणार नाही. रियाला बजावलंय, माझ्या नोकरीबद्दल तिथे एक अक्षर काढायचं नाही. तूही नाही.

सुप्रिया


दहिवली,
१७ नोव्हेंबर

ताई,

मी एक अक्षर काढलेलं नाही. आधीच सांगतो.

मुलं आली. काकूनं इतक्या भाकऱ्या घातल्या की एकाला अंगणातच झोप लागली. म्हणजे थापल्या येसूबाईनं. मग रियानं ती मूठ विळ्याला बसवली, कमान काकूच्या पंजामागे घातली. परड्यात मागे राहिलेलं भात होतं ना, तिथे काकू वाकली. पहिली पेंढी कापली. दुसरी कापली. तिसरी कापून झाल्यावर पट्टा सरळ केला आणि म्हणाली, “गरम व्हतं हातात. पण ऱ्हातंय.” तिच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

आणि रियाला रडू आलं. तुझी ती हुशार रिया! नाक पुसत म्हणते, “हीच प्रदर्शनात ठेवता आली असती तर मॅडमना कोणी काढू शकलं नसतं!”

पुढे काय झालं असेल ते तूच समज. काकू विळ्यासकट वळली. मी विळ्यापासून लांब झालो. “कोन काढतंय? कुनाला काढतंय?” रियानं मग सगळं ओकलं, तक्ता, सर, बावीस तारीख. काकूनं मला विचारलं, “तुला ठावं व्हतं?” मी शेळीकडे बघितलं.

मला वाटलं, आता म्हणणार, बरं झालं, येऊ दे घरी. तर पायरीवर बसली. बराच वेळ त्या मुठीवर अंगठा फिरवत होती. मग म्हणाली, “मला वाटलं पोरगी माझं दुखनं मिरवाया निघालीय. तिच्या पोटावर येतंय हे बोलाया काय झालं व्हतं तिला?” मी म्हटलं, तुला तरी हाताचं बोलायला काय झालं होतं? तर डाव्या हातानं चप्पल फेकून मारली. या वेळी लागली.

निरोप असा : ती बावीसला येतेय. स्वतः. तू हात मांडायचा नाही, ती आणणार आहे. किशोरच्या टेंपोत पुढची जागा सांगून ठेवलीय.

साईराज


खालापूर,
२३ नोव्हेंबर

साई,

तू तिच्याबरोबर यायचं होतंस ना रे! ‘चौकपर्यंत येतो’ म्हणून गॅरेजात उतरलास, आणि माझी आई इरकल नेसून, विळा टॉवेलात गुंडाळून, एकटी फाटकावर. वॉचमन म्हणतो, हत्यार आत नेता येणार नाही. ती म्हणते, हत्यार नाय, परीक्षा हाय. मला बोलावून आणेपर्यंत तिनं त्याचं गाव, पाठीचं दुखणं, मुलीचं लग्न सगळं काढून ठेवलं होतं.

परीक्षक बाईंनी तिला हात दाखवायला सांगितला. तिनं पंजा पसरला आणि विचारलं, “आंगठा लावायचाय का?” मुलं हसली, ती पण हसली.

मुलांनी भाताच्या पेंढ्या खांबाला बांधून ठेवल्या होत्या. आधी तिला तक्त्याच्या मापाची मूठ दिली. धरली, ओढली. विळा हातातल्या हातात फिरला आणि खाली पडला. खणकन्. फरशीवर तो आवाज केवढा येतो रे. कोणी उचलायला पुढे झालं नाही. मी पण नाही. तिचा चेहरा बघवत नव्हता, तिचे चांगले कपडे बघवत नव्हते. तिनं स्वतः वाकून उचलला, डाव्या हातानं. मग दुसरा घेतला, कमानीचा. सावकाश पेंढी कापली आणि परीक्षक बाईंच्या हातात दिली.

मनोज सर म्हणाले, “पण हे एकाच माणसासाठी झालं.”

आई म्हणाली, “मंग? मी किती मानसं असाया पायजे व्हते?”

परीक्षक बाईंनी वहीत लिहिणं थांबवलं आणि सरांकडे बघितलं. सरांनी तक्ता गुंडाळायला घेतला.

विषय राहिला. मीही राहिले. पुढच्या वर्षापुरती, पण राहिले. आता सरांचीच नवी कल्पना आहे : प्रत्येक मुलानं तक्त्यात न बसणारा एकेक माणूस शोधायचा. कोण शोधून देणार? तू. गोकर्णला जायचं असेल तर आधी हे कर.

आणि त्या बाईसाहेबांना सांग, प्रदर्शनातली वस्तू कॉलेजात जमा करायची असते. टॉवेलात गुंडाळून नेली. मी मागितली तर म्हणाली, “तू दुसरी छाप.”

सुप्रिया


दहिवली,
१२ फेब्रुवारी

ताई,

मोटरसायकल विकली गेली. मला नाही, दुसऱ्या कोणाला. त्याच्या घरी चालू होत नाही, हे ऐकून बरं वाटलं. गोकर्णला बसनं जातोय, परवा. तुझी माणसं शोधून दिली आहेत, यादी रियाकडे आहे, गोमाआजा पहिला. त्याला सगळं नीट सांगितलंय. तरी तो विचारतो, तांदूळ मिळतील का?

काकू पट्टा बांधते. चारचौघांत पदराखाली बांधते, घरात वरून. डॉक्टरांनी परवा बोटं वाकवून बघितली, ‘हम्म’ म्हणाले. काकू घरी येईपर्यंत त्या हम्मवर भांडत होती. “बोलाया पैसं पडतात का त्याला?”

ती मूठ विळ्यावर नाही आता. कापणी संपल्यावर तिनं ती काढून उलथन्याला ठोकलीय. तुझ्या मुलांना सांगू नकोस, रडतील. ओट्यावरचे कप सगळे धड आहेत.

काल मी जाणार म्हणून मुटके केले. येसूबाईला बोलावलं नाही. मी शेजारी बसलो होतो. आधी डाव्या हातानं दाबत होती, मग मी बघत नाही असं वाटून एक उजव्या हातानं दाबला आणि परातीत मागे ढकलला. मी उचलला. कच्चाच, ताई, शिजवलेला नाही! स्कॅनरमध्ये थोडीच बॅटरी होती, तेवढ्यात झालं.

कार्डात एकच फाईल आहे. नाव ‘काकू’, एकदाच. अंगठा आहे, दोन बोटं आहेत, आणि त्यांच्या शेजारी तिसऱ्याची खूण आहे. नखानं ओरखडावं एवढी पुसट. करंगळीची जागा अजून कोरी. काकू म्हणाली, पीठ सैल असंल.

मी परातीतलं पीठ दाबून बघितलं. घट्ट होतं.

ही टाकू नकोस.

साईराज